फ्लूची लस घ्यायची की नाही: घरातली माणसे, महिना आणि खोक्यावरचे वर्ष

फ्लूची लस चांगली की वाईट, यावर वाद घालत बसले की निर्णय होत नाही. त्यापेक्षा असे विचारा: यंदाच्या पावसाळ्यात आपल्या घरात फ्लू शिरला, तर कोणाला दवाखान्यात भरती करायची वेळ येईल? उत्तरात एखादे नाव पटकन आले, तर निम्मा निर्णय झाला. उरलेला निम्मा निर्णय लस कोणत्या महिन्यात घ्यायची, कोणती घ्यायची आणि ती नीट थंडाव्यात ठेवलेली आहे का, याचा आहे. पैसे वाया जातात ते बहुधा या दुसऱ्या भागात.

ही लस सरकारच्या नेहमीच्या लसीकरण वेळापत्रकात नाही. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंटसाठी आशाताई घरी निरोप घेऊन येतात, तसा फ्लूच्या लसीचा निरोप येत नाही. आपणच ठरवायचे आणि आपणच चौकशी करायची.

ही लस कशावर चालते, कशावर नाही

आपल्याकडे प्रत्येक तापाला ‘व्हायरल’ म्हणून मोकळे होतात. त्यातला फ्लू, म्हणजे इन्फ्लुएन्झा, बराचसा ओळखता येतो. साध्या सर्दीत आधी नाक वाहते, घसा खवखवतो आणि झालीच तर थोडी कणकण. फ्लू अचानक धरतो. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळपर्यंत १०२ तापाने फणफणतो, अंग ठेचून काढल्यासारखे दुखते, कोरडा खोकला सुरू होतो. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, पण अशक्तपणा आणि खोकला दोन आठवडेही रेंगाळतात.

लस फक्त इन्फ्लुएन्झाच्या ‘ए’ आणि ‘बी’ या विषाणूंवर आहे. नेहमीची सर्दी, कोविड, आरएसव्ही (श्वासमार्गाचा आणखी एक विषाणू), डेंग्यू यांच्यावर तिचा काही उपयोग नाही. कोंबड्यांतल्या बर्ड फ्लूवरही ती बनवलेली नाही. त्यामुळे ‘लस घेऊनही दोनदा सर्दी झाली’ ही तक्रार खरी असली तरी तो लसीचा दोष नव्हे.

मेडिकलमध्ये अजून लोक ‘स्वाइन फ्लूची लस’ मागतात. तशी वेगळी लस आता घ्यावी लागत नाही. २००९ मध्ये जगभर पसरलेला, आणि देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तो एच१एन१ विषाणू तेव्हापासून दरवर्षी फिरणाऱ्या फ्लूचाच भाग झाला आहे. तो नेहमीच्या लसीत असतोच.

दुसरा घोटाळा बाळाच्या लसीकरण कार्डावर होतो. पेंटाव्हॅलंटमध्ये ‘हीमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी’ हा घटक असतो. ते नाव वाचून आईवडील समजतात की बाळाची फ्लूची लस झाली. तो एक जिवाणू आहे. मेंदूज्वर आणि न्यूमोनियाला कारण होतो. फ्लूच्या विषाणूशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. आजोबांनी घेतलेली ‘न्यूमोनियाची लस’ हीसुद्धा वेगळीच. ती न्यूमोकॉकस जिवाणूवर असते आणि दरवर्षी घ्यायची नसते. दोन्हींची गरज असलेली माणसे असतात, पण एक घेतली म्हणून दुसरी झाली असे होत नाही.

घरातल्या कोणाकडे बघायचे

धडधाकट माणसाला फ्लू आठवडाभर झोपवतो आणि सोडतो. काही जणांच्या बाबतीत मात्र तो छातीत उतरतो किंवा आधीचा आजार उसळवतो. पैसे मोजकेच असतील तर आमच्या मते क्रम असा लावावा.

सगळ्यात आधी गरोदर बाई. गरोदरपणात फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर ताण असतो, प्रतिकारशक्तीचा तोल बदललेला असतो. २००९ च्या साथीत गरोदर स्त्रियांमध्ये गंभीर आजार जास्त दिसला. शिवाय आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळाला पोहोचतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याला आधार देतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देताच येत नाही, म्हणून त्याच्यापर्यंत संरक्षण पोहोचवण्याचा हाच रस्ता आहे. जागतिक आरोग्य संघटना कोणत्याही महिन्यात चालते म्हणते. आपल्याकडे बरेच प्रसूतितज्ज्ञ दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत देतात. तारीख त्यांच्याकडूनच घ्या, पण विषय आपण काढा. गर्दीच्या ओपीडीत तो राहून जातो.

तिच्या बरोबरीने ज्यांची फुप्फुसे, हृदय किंवा मूत्रपिंडे आधीच थकलेली आहेत ते. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा जुनाट आजार), दमा, हृदयविकार, डायलिसिस, यकृताचा जुना आजार, कर्करोगाचे उपचार, अवयव बदललेले रुग्ण, रोज स्टेरॉइड घेणारे, एचआयव्ही असलेले. मधुमेह याच यादीत येतो, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत तोच सापडतो. ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ म्हणून त्याला वगळू नका. तापात ती कंट्रोलमध्ये राहत नाही. हृदयरोग्यांसाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट आढळला. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी लसीचा खर्च हृदयाच्या औषधांच्या खर्चातच धरावा.

मग वय ६५ च्या पुढची माणसे. आजार नसला तरी.

मग सहा महिने ते पाच वर्षांची मुले. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना या वयात दरवर्षी लस द्यायला सांगते. पाळणाघरात किंवा बालवाडीत जाणारे मूल हा फ्लू घरी आणण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, म्हणून अशा मुलाला दिलेली लस आजीच्याही कामी येते.

त्यानंतर येतात ते स्वतः धडधाकट, पण कोणा नाजूक माणसाच्या रोज जवळ असणारे: तान्ह्या बाळाला सांभाळणारे आईवडील आणि मावशी, डायलिसिसच्या रुग्णाची बायको, नर्स, वॉर्डबॉय, घरी येऊन आजीआजोबांची सेवा करणारी बाई. शेवटच्या व्यक्तीला घरमालकांनी आपल्या पैशांनी लस द्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. फायदा त्यांच्याच घराचा आहे.

आणि एकटा राहणारा, तिशीतला, कोणताही आजार नसलेला माणूस? त्याने लस घेतली तर चांगलेच, पण खिशातले दोन हजार दुसऱ्या कामाला हवे असतील तर नाही घेतली म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. फक्त हातावर पोट असेल, म्हणजे रिक्षा, टपरी, शिकवण्या, तर आठवड्याची बुडणारी कमाई लसीच्या किमतीशेजारी मांडून बघावी. बऱ्याचदा लसच स्वस्त पडते.

उपयोग किती, हे नेमके समजून घ्या

लसीतले विषाणू आणि त्या वर्षी फिरणारे विषाणू नीट जुळले, तर डॉक्टरकडे जावे लागेल इतपत फ्लू होण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. हा आकडा चुकीचा वाचला जातो. लस घेतलेल्या १०० पैकी ५० जणांना फ्लू होतो, असा त्याचा अर्थ नाही. समजा, लस न घेतलेल्या १०० जणांपैकी एका हंगामात १० जण फ्लूने आजारी पडले. तर लस घेतलेल्या १०० पैकी साधारण ४ ते ६ जण पडतील. जुळणी बिघडलेल्या वर्षी फायदा याहून कमी होतो. म्हाताऱ्या माणसांत प्रतिकारशक्ती मंद असल्याने थोडा कमीच राहतो.

मग एवढ्यासाठी टोचून का घ्यायचे? कारण लस घेऊनही फ्लू झालाच, तरी तो आयसीयूपर्यंत जाण्याची शक्यता कमी होते. ज्यांना वर पहिल्या क्रमांकांवर ठेवले, त्यांच्यासाठी खरी कमाई ही आहे. आणि लसीकडून गोवराच्या लसीसारखी आयुष्यभराची हमी मागणाऱ्याची निराशा होणार. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो आणि शरीरातले संरक्षणही महिन्यागणिक ओसरते. म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.

महिना चुकला की अर्धे काम बिघडले

इंटरनेटवर ‘फ्लू शॉट’ शोधले तर सगळीकडे सप्टेंबर-ऑक्टोबर लिहिलेले असते. ते अमेरिका-युरोपच्या हिवाळ्यासाठी. महाराष्ट्रात आणि गोव्यात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, साधारण जुलै ते सप्टेंबर. दुसरी, बहुधा लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये. लसीचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात. मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, शाळा जूनच्या मध्याला. म्हणून योग्य वेळ एप्रिलअखेर ते मेअखेर, आंब्याच्या दिवसांत. आषाढीच्या वारीला चालत जाणाऱ्या ज्येष्ठांनी तर मे महिना चुकवूच नये. वारीत मुक्काम, गर्दी आणि भिजणे असते. भिजल्याने फ्लू होत नाही. दाटीने झोपल्याने होतो.

भारतभर मात्र एकच महिना चालत नाही. श्रीनगरला लाट जानेवारी-मार्चमध्ये असते, तिथे लस थंडीच्या आधी घेतात. चेन्नईकडे परतीच्या मोसमी पावसाबरोबर, ऑक्टोबरनंतर, फ्लू वाढतो. तिथे राहणाऱ्या मराठी माणसांनी पुण्यातल्या नातेवाइकांचा महिना उचलू नये.

मे हुकला तर? जून-जुलैतही घ्या. लाट सुरू झाल्यावर घेतलेली लस निरुपयोगी नसते, मधले दोन आठवडे तेवढे उघडे राहतात. गणपतीत गावी जाऊन म्हाताऱ्या आईवडिलांना भेटणार असाल, तर निदान दोन आठवडे आधी. ऑक्टोबर उजाडला तर जोखमीच्या माणसाने तरीही घ्यावी, जानेवारीची लाट बाकी असते. धडधाकट माणसाने पुढच्या एप्रिलपर्यंत थांबले तरी चालेल.

फार लवकर, म्हणजे फेब्रुवारीत घेण्यातही अर्थ नाही. सप्टेंबरपर्यंत तिचा जोर कमी होतो, आणि फेब्रुवारीत नव्या वर्षाची लस बाजारात आलेलीही नसते.

खोक्यावर काय वाचायचे

जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते विषाणू घालायचे ते सांगते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. ही निवड करण्यासाठी जगभरातून येणाऱ्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचेही योगदान असते. घोषणा झाल्यापासून लस तयार व्हायला सुमारे सहा महिने जातात. सप्टेंबरमध्ये ठरलेली दक्षिण गोलार्धाची लस मार्च-एप्रिलपासून येऊ लागते, आणि तीच आपल्या पावसाळ्याच्या तोंडावर ताजी असते. आपण उत्तर गोलार्धात असूनही एप्रिल-मेमध्ये खोक्यावर ‘दक्षिण गोलार्ध’ आणि चालू वर्ष असले पाहिजे. मे महिन्यात कोणी मागच्या हिवाळ्याचे, म्हणजे दोन वर्षांच्या जोडीचे ‘उत्तर गोलार्ध’ खोके पुढे केले, तर ते मागच्या हंगामाचे उरलेले आहे. मुदत संपलेली नसेलही. तरी नवे मागा. कधी कधी दोन्ही हंगामांची शिफारस अगदी एकच असते, तेव्हा जुन्यानेही काम भागते. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगितले तरच.

खोक्यावर विषाणूंची नावे अशी असतात: बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१. पहिला भाग प्रकार, दुसरा तो विषाणू जिथे सापडला ते ठिकाण, मग प्रयोगशाळेचा क्रमांक, शेवटी वर्ष. ‘ए’ प्रकारात पुढे कंसात एच१एन१ किंवा एच३एन२ असते. शेवटचा आकडा चालू वर्षाचा नसला म्हणून घाबरू नका. २०२१ मध्ये सापडलेला विषाणू अजून तसाच फिरत असेल तर तोच पुढच्या लसींतही ठेवतात. हंगाम कळतो तो वेगळ्या छापलेल्या वर्षावरून.

तीन विषाणूंची घ्यावी की चारांची? काही वर्षांपूर्वीपर्यंत चारांची चांगली असे सांगत, आणि बाजारातल्या बऱ्याच ब्रँडच्या नावात ‘४’ किंवा ‘टेट्रा’ त्यामुळेच आहे. पण चौथा विषाणू, ‘बी’चा यामागाता वंश, मार्च २०२० नंतर जगात कुठे फिरताना आढळलेला नाही. सप्टेंबर २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तो वगळायला सांगितले आहे. चारांची मिळाली तर नुकसान काही नाही. पण चौथ्यासाठी जास्त पैसे मोजू नका आणि तीनची आहे म्हणून परतही जाऊ नका.

ब्रँडवरून डोके शिणवण्यात अर्थ नाही. वॅक्सिफ्लू, फ्लुक्वाद्री, इन्फ्लुव्हॅक, फ्लुअरिक्स यांतली जी तुमच्या वयाला मान्य आहे, चालू हंगामाची आहे आणि नीट थंड ठेवलेली आहे, ती घ्या. या सगळ्या निष्क्रिय केलेल्या विषाणूच्या लसी आहेत. त्यांनी फ्लू होऊ शकत नाही. नाकात फवारायची लस वेगळी. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नासोव्हॅक आणली ती अशी. तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, म्हणून गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि दोन वर्षांखालची मुले यांना ती चालत नाही.

शाकाहारी घरांत विचारला जाणारा प्रश्न: अंड्याचा संबंध आहे का? आहे. बहुतेक फ्लू लसींचा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवतात आणि नंतर शुद्ध करतात. अंड्यातल्या प्रथिनाचा अगदी सूक्ष्म अंश उरतो. हे लपवण्यात अर्थ नाही, ज्याने त्याने ठरवावे. अंड्याची ॲलर्जी मात्र आता लस नाकारण्याचे कारण मानले जात नाही. ॲलर्जी असल्याचे आधी सांगा, म्हणजे झाले.

पैसे आणि ठिकाण

खासगीत एका डोसला साधारण दीड ते अडीच हजार रुपये पडतात. महाराष्ट्रात २०१५ पासून सरकारी रुग्णालयांतून जोखमीच्या गटांना, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण, आणि आरोग्य कर्मचारी यांना, ही लस मोफत देण्याची सोय झाली. साठा बारमाही नसतो. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात, शहरात असाल तर महापालिकेच्या दवाखान्यात, मे महिन्यात जाऊन ‘फ्लूची लस आली का, कधी येणार’ एवढे विचारा, सोबत आजाराची फाइल न्या. ऑफिसात शिबिर लागले तर तिथेही हंगाम आणि खोके बघूनच हात पुढे करा. कित्येक कंपन्या ही शिबिरे परदेशी वेळापत्रकाने ऑक्टोबरात लावतात.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. ऊन लागले तर खराब होते हे सगळ्यांना माहीत असते. गोठली तरी खराब होते, हे माहीत नसते. गोठून वितळलेली लस बाहेरून ठीक दिसू शकते, टोचलीही जाते, उपयोग होत नाही. म्हणून मेडिकलमधून लस विकत घेऊन स्कूटरच्या डिकीत टाकून मे महिन्याच्या दुपारी दवाखान्यात नेणे हा पैसे फेकण्याचा खात्रीचा मार्ग. दवाखान्यातच ठेवलेली लस घ्यावी. आणायचीच असेल तर थर्मासच्या डब्यात, जेल पॅक कापडात गुंडाळून, लसीचे खोके बर्फाला थेट टेकणार नाही असे ठेवून, सरळ दवाखान्यात. वाटेत बाजार नको. दवाखान्यात फ्रिजला थर्मामीटर आहे का आणि लाइट गेल्यावर काय करता, हे विचारायला लाजू नका. उत्तर देताना डॉक्टर किंवा सिस्टर अडखळले तर दुसरा दवाखाना बघा. लस फ्रिजच्या दारात, पाण्याच्या बाटल्यांशेजारी दिसली तरी तेच करा; दार उघड-बंद होते तशी तिथली थंडी कमी-जास्त होत राहते.

लहान मुलांचा दुसरा डोस

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. नऊ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस देताना दोन डोस लागतात, मध्ये किमान चार आठवडे. पहिला डोस शरीराला ओळख करून देतो, संरक्षण दुसऱ्यानंतर येते. पहिल्या डोसनंतर मूल दोन दिवस किरकिरले, मग आजोळी सुट्टीला गेले, मग शाळा सुरू झाली आणि दुसरा राहिला, हे नेहमीचे चित्र आहे. असे अर्धवट राहिलेले मूल पुढच्या वर्षी पुन्हा दोन डोसांचे धनी. दोन्ही डोस एकदा पूर्ण झाले की पुढे दरवर्षी एकच.

उलटे मोजा. शाळा १५ जूनच्या आसपास. त्याआधी दोन आठवडे, म्हणजे दुसरा डोस मे संपताना. त्याआधी चार आठवडे, म्हणजे पहिला डोस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. आजोळ परगावी असेल तर दुसरा डोस तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडे घेता येतो. कार्ड बरोबर हवे. ब्रँड तोच मिळाला तर उत्तम, नाही मिळाला म्हणून डोस चुकवू नका.

डोसचे प्रमाण बहुतेक लसींत ०.५ मिलि असते. पूर्वी तीन वर्षांखाली अर्धा डोस देत. काही माहितीपत्रकांत तसे अजून असू शकते. खोक्यातल्या पत्रकानुसारच द्यावा. अर्धी सिरिंज दुसऱ्या मुलाला वापरणे किंवा उद्यासाठी ठेवणे अजिबात नको.

कोणी घेऊ नये, कोणी थांबावे

सहा महिन्यांखालची बाळे नाहीत. आधीच्या फ्लू लसीनंतर अंगभर पित्त उठून घसा सुजला, श्वास कोंडला असे झाले असेल, तर नाही. गियाँ-बारे हा नसांचा, पाय लुळे पडत वर सरकणारा आजार पूर्वीच्या फ्लू लसीनंतर सहा आठवड्यांत झाला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. हा आजार लसीमुळे होण्याची शक्यता दहा लाख डोसांमागे एखाद-दुसरी इतकी आहे, आणि तो फ्लूनंतरही होऊ शकतो.

१०१ ताप असेल तर बरे होईपर्यंत थांबा. नुसती सर्दी असेल तर थांबायची गरज नाही. शेंबडाच्या नावाखाली तारीख पुढे ढकलत गेले की पावसाळा येतो. केमोथेरपी चालू असेल तर दोन सायकलच्या मधला दिवस कर्करोगतज्ज्ञ ठरवतील. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी तसे सांगावे. बारीक सुई वापरून नंतर दोन-तीन मिनिटे न चोळता दाबून धरले की काम भागते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

टोचताना आणि नंतर

सिस्टरला खोके दाखवायला सांगा: नाव, हंगाम, मुदत, बॅच नंबर. लस टोचण्याआधी सिरिंज हलवून घेतात. मोठ्यांना दंडाच्या वरच्या स्नायूत, बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर नाही, तिथे चरबीत गेली की परिणाम कमी होतो. कोविडची किंवा दुसरी लस त्याच दिवशी घ्यायची असेल तर दुसऱ्या हातात.

नंतर १५ ते ३० मिनिटे तिथेच बसा. गंभीर ॲलर्जी फार विरळा, पण झालीच तर याच वेळात आणि तिच्यावरचे औषध दवाखान्यात असते, घरी नसते. तरुण मुलांना सुईच्या भीतीने चक्कर येते, तीही इथेच; उपाशीपोटी आणू नका.

दंड दुखणे, कणकण, अंगदुखी एक-दोन दिवस राहते. मोठ्यांना लागलीच तर पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी. मुलांना वजनाप्रमाणे, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दुखणार म्हणून आधीच गोळी घेऊन ठेवू नका. आंबट, गार, वातूळ अशी कोणतीही पथ्ये नाहीत, आंघोळही चालते. बॅच नंबरचे स्टिकर फाइलला लावून घ्या आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलअखेरीस मोबाइलमध्ये आठवण टाका.

अमेरिकेला लेकीकडे निघालेले

मे महिन्यात पुण्यात लस घेऊन नोव्हेंबरात न्यू जर्सीला उतरणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा. तिथला हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारीत भरात असतो. तोवर मेमधल्या लसीचा जोर ओसरलेला, आणि तिथली लस उत्तर गोलार्धाच्या नव्या शिफारशीची. साठी ओलांडलेल्यांनी निघण्याआधी किमान दोन आठवडे इथे नव्या उत्तर गोलार्धाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे, किंवा तिथे फार्मसीत घ्यावी. तिथे ६५ पुढच्यांसाठी जास्त ताकदीच्या लसी मिळतात. प्रवासी विम्यात मात्र लसीचा खर्च सहसा बसत नाही. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांचे सोपे आहे, तिथला महिना आपल्यासारखाच एप्रिल-मे.

लस घेऊनही ताप आलाच तर

‘लस झाली आहे, फ्लू नसणार’ असे धरून घरी बसू नका. वर सांगितलेल्या जोखमीच्या माणसाला पावसाळ्यात अचानक ताप-खोकला आला, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सगळ्यात उपयोगी पडते. जास्त जोखमीच्या रुग्णात डॉक्टर तपासणीच्या निकालाची वाट न बघता ते सुरू करतात. मागच्या वेळचे उरलेले अँटिबायोटिक देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही. मुलांना ॲस्पिरिन नको. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, नखे-ओठ निळसर, गुंगी, किंवा मूल खाणेपिणे सोडून मलूल पडणे यातले काही दिसले, तर फॅमिली डॉक्टरच्या वेळेची वाट न बघता थेट ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोविडपासून बऱ्याच घरांत पडून आहे. त्यात नव्या बॅटऱ्या घालून ठेवा, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचा आकडा ९४ च्या खाली गेला तर निघा.